मागचे डावे चाक

दि. १४ मार्च, शनिवार
सकाळी आठ

प्रिय धाकट्या,

आम्ही उभयता बरे आहोत. तूही तसाच असावास, एवढे मागणे मी रोज सकाळी तुझे नाव घेऊन मागतो. नऊ वर्षांत मी तुला चार पत्रे धाडली, आणि चारहींत हवापाण्याखेरीज काही नव्हते, याची मला जाणीव आहे. या पाचव्या पत्राचे निमित्त मात्र आपली गाडी आहे.

तिची प्रकृती उत्तम. थंडीच्या दिवसांत कापडी छत मागे घेण्यापूर्वी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडावी आणि ती सपाट निजवावी, हा तुझा दंडक मी पाळतो; त्यामुळे खिडकी पिवळी पडली असली तरी चिरलेली नाही. आसनांमागची पाणी जाण्याची भोके दर पंधरवड्याला बारीक तारेने मोकळी करतो. एकदाच आळस केला, तर पायाखालचा पत्रा ओला राहून गंजाचा डाग उठला. तो पॉलिश पेपरने घासून मी स्वतः रंग दिला. दुरुस्तीची पुस्तिका अजून फडक्यात बांधूनच ठेवतो. त्यावर तुझी वहिनी म्हणते, "बाकीच्या पोथ्यांना निदान ग्रीसचे डाग तरी नाहीत."

मिस्त्रींच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली ती तुला सापडली, तेव्हा मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि तू मिस्त्रींकडे ब्रेकच्या कामावर होतास. दोन वर्षे मी पुस्तिका मोठ्याने वाचत असे आणि तू त्याबरहुकूम हात चालवीत असस. एखादे वाक्य संदिग्ध निघाले की मी त्यावर भाष्य आरंभी, आणि तू गाडीखालून ओरडत असस, "दादा, अर्थ नंतर लाव, आधी तेरा नंबरचा पाना दे!" पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले, पण इतक्या निमूटपणे मी कोणाचीच आज्ञा पाळली नव्हती.

परवा तिला चाकांचे कोन तपासण्यासाठी मिस्त्रींकडे नेले. तुला सांगणे नको, पण ही दोन आसनांची गाडी इतकी हलकी आहे की रिकाम्या गाडीचे माप खोटे ठरते. म्हणून चालकाच्या आसनावर मी बसतो आणि शेजारच्या आसनावर वाळूची पोती ठेवतात, तुझ्या वजनाइतकी. दरवर्षी असेच चालत आले आहे.

या खेपेस मिस्त्रींनी पोते उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"गुरुजी, एक विचारू? तुम्ही एकटे चालवता ना?"

"हो."

"मग नऊ वर्षं ही गाडी मी कुणासाठी लावतोय? म्हणूनच ती एका अंगाला ओढते. एकट्याचं माप लावून देतो, सरळ चालेल."

मी म्हणालो, "राहू द्या. दोघांचेच लावा."

"तो येणार आहे का?"

मी चालकाच्या आसनावर जाऊन बसलो. मिस्त्रींनी पोते शेजारच्या आसनावर ठेवले.

त्यावरून मनात आले की तुला लिहावे. जे घडले त्याला आता दीर्घ काळ लोटला. कर्माची गती गहन असते आणि निमित्त कोण होईल हे कोणाच्या हाती नसते. झाले ते विसरून एकदा येऊन जावेस. तुझ्या वहिनीचा खांदा आता पूर्ण बरा आहे. केवळ वरच्या फळीवरचा डबा काढताना ती क्षणभर थांबते.

सोमवार, सकाळी

वरचे पत्र शनिवारी पूर्ण झाले असे समजून मी तुझ्या वहिनीला वाचावयास दिले. तिने ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे भाऊजींना लिहिलंय की गाडीच्या डॉक्टरला?"

मी म्हणालो, "त्याला क्षमा केल्याचे यात सूचित आहे."

"सूचित कशाला? सरळ लिहा की. मी तर केव्हाच केली. चूक कुणाच्या हातून होत नाही?"

ते ऐकून मला बसवेना. उठून खिडकीशी गेलो, परत आलो, आणि तिला जे सांगितले तेच आता तुला सांगतो. आतापर्यंत लिहिले तो पूर्वपक्ष समज. सिद्धांत यापुढे आहे.

त्या दिवशी चारही चाके उतरवली होती. तीन तू बसवलीस आणि मागचे डावे मी मागून घेतले. चारही नट मी बोटांनी फिरवून बसवले होते, पाना लावायचा राहिला होता. तोच पाठाची वेळ झाली. बावीस वर्षांत माझा सायंपाठ एका मिनिटाने चुकला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. तो भक्तीचा नव्हता, घड्याळाचा होता, हे आज कळते. मी हात धुऊन आसनावर बसलो. आरंभ केल्यावर मध्ये बोलायचे नाही, हा माझा नेम घरादाराला ठाऊक होता.

दहाएक श्लोक झाले असतील. तू दाराशी आलास. हात काळे, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलास. "दादा, मागचं डावं पक्कं आवळलंस ना? वहिनीला एक चक्कर मारून आणतो."

मी मान हलवली.

तुला "नाही, थांब" म्हणायला मला दोन शब्द लागले असते, आणि त्या दोन शब्दांनी माझे मौन मोडले असते. मनात म्हटले, पाठ संपला की उठून आवळीन. हा जाईपर्यंत तेवढा अवकाश मिळेल. शेवटचा श्लोक म्हणून बाहेर आलो, तेव्हा अंगणात जॅक तेवढा उरला होता.

तिसऱ्या वळणावर चाक निखळले. तुझ्या वहिनीच्या गळ्याजवळचे हाड मोडले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मिस्त्री धावत आले होते, आणि त्यांच्यादेखत मी तुला म्हणालो, "ज्याला चार नट आवळता येत नाहीत, त्याने माणसाच्या जिवाशी खेळू नये."

तू म्हणालास, "दादा, मी तुला विचारलं होतं. तू मान हलवलीस."

आणि मी म्हणालो, "मी पाठात होतो. पाठात मी डोलतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक नाही का?"

तू आपल्या हातांकडे पाहिलेस. मग म्हणालास, "मग माझंच चुकलं. हात लावून बघायला हवं होतं."

धाकट्या, मी डोलत नव्हतो. तू विचारलेस ते मी ऐकले, मला ते समजले, आणि मी 'हो' म्हटले.

नट आवळायचे माझ्याकडून राहिले ही चूक होती. तिला क्षमा असू शकते. रुग्णालयात मी जे बोललो ते असत्य होते, आणि ते मी देवाच्या नावाआड उभा राहून बोललो. महिनाभरात तू मिस्त्रींचे काम सोडलेस. ज्या हातांनी ती गाडी गंजातून उभी केली, ते हात परगावी गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात, कारण तुझा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. तो मी उडवला. आणि दरवर्षी शेजारच्या आसनावर वाळू ठेवून मी स्वतःला सांगत आलो की माझे तुझ्यावर प्रेम आहे.

तुझ्या वहिनीने सर्व ऐकले. बराच वेळ ती टेबलावरचे घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालीत होती. मग म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं मी चुकीच्या माणसाला माफ करत बसले. आता तुमचं पहिल्यापासून सुरू करावं लागणार. वेळ लागेल हं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरते बोलते आहे. तक्रार नाही, ते योग्यच आहे.

काल सकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. रविवार असल्याने गॅरेज बंद होते. ते घरीच होते. उभ्यानेच सांगितले. ते म्हणाले,

"गुरुजी, त्याच्या हाताखालून गेलेली एकही गाडी कधी तक्रार घेऊन परत आली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तुमच्या तोंडून आलं, म्हणून मानलं."

मी म्हणालो, "त्याला परत बोलवायचे असेल तर मी पत्रात लिहितो."

"तुम्ही नका लिहू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, हे अधिक लागले. "तुमच्या शब्दावर तो आता कशाला येईल? मी स्वतः जातो त्याच्याकडे. गुरुवारी."

तेव्हा गुरुवारी ते तुझ्याकडे येतील. काय ठरवायचे ते सर्वस्वी तुझे आहे. ते ठरवताना माझा विचार करू नकोस. ज्या ज्या नातलगांना मी ती गोष्ट माझ्या सोयीने सांगितली होती, त्यांची यादी केली. सात घरे निघाली. तीन घरी खरे सांगून झाले आहे. मधल्या आत्याबाई म्हणाल्या, "या वयात कशाला उकरून काढतोस?" मी म्हणालो, "या वयात नाही काढले तर कोणत्या?" उरलेली चार या आठवड्यात होतील. पत्राने नाही, दारात जाऊन.

आणखी एक. काल सायंपाठ चालू असताना तुझ्या वहिनीने दारातून विचारले, "गॅस बंद केलात का?" मी श्लोक अर्ध्यावर थांबवला आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "नाही. विसरलो. आता करतो." उठलो, गॅस बंद केला, परत येऊन त्याच श्लोकापासून धरले. काही बिघडले नाही. इतके सोपे होते ते.

तुझी क्षमा मागण्याचा अधिकार मला आहे की नाही, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथाच्या टीकाकाराने माझ्यासाठी करून ठेवलेला नाही. मी शोधून पाहिले. म्हणून मागत नाही. तुझी चूक नव्हती, एवढेच तुझ्या हाती देतो.

हे पत्र पाठात नसताना, पूर्ण भानावर राहून लिहिले आहे.

दादा