फत्तेसिंग भट्टीतून कसा वाचला

११ ऑगस्ट १९८७, मंगळवार

नाना नाही म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडावर! हर्नियाचं ऑपरेशन आता लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं ते समजावत होते आणि आमचे सासरे पंखा बघत होते. रिक्षाने घरी आलो. जिना चढताना कारण सांगितलं — फत्तेसिंग भट्टीतून कसा वाचला ते कळल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही.

१२ ऑगस्ट

काल वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नाही.

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी आमच्या व्हीसीआरवर ‘बिजली का मुक्का’चा एक भाग दाखवतात. गेल्या वर्षी दुसरा होता. शेवटी फत्तेसिंग हेलिकॉप्टरमधून सरळ पोलादाच्या भट्टीत पडला. यंदा नंदकिशोरच्या व्हिडिओ लायब्ररीत चौथा आलाय आणि त्याच्या कव्हरवर फत्तेसिंग घोड्यावर बसून हसतोय. मिशीसुद्धा जळलेली नाही. तिसरा भाग आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही.

१४ ऑगस्ट

शेवटचा तास शिकवून शाळेतून परस्पर नंदकिशोरकडे गेले. तिसऱ्याची एकच कॅसेट होती. जुलैत कोणीतरी नेली, परत आणलीच नाही. रजिस्टरात नाव — एफ. सिंग, सेक्टर नऊ. चेहरा आठवतो का विचारलं, तर तो तेव्हा गावाला गेला होता, दुकानात भाऊ होता. हिरोच्या नावाने कॅसेट ढापायची! लोकांना लाज कशी ती नाही.

१८ ऑगस्ट

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं वेगळंच. आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम केल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही, म्हणून तिसऱ्याचा निकाल लागेपर्यंत चौथा दाखवता येणार नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, तो सिनेमा आहे. तर म्हणाले, नियम तो नियम. अख्ख्या बिल्डिंगमध्ये सरकारी नोकरीवाले. सगळ्यांना पटलं!

२० ऑगस्ट

नाना दुपारी कण्हत होते. मी खोलीत गेले तर गप्प.

सासूबाईही असल्याच ‘साध्या’ ऑपरेशनला गेल्या होत्या. परत आल्या नाहीत. घरात तो विषय कोणी काढत नाही. मला भीती वाटते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

२३ ऑगस्ट, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा. गच्चीवर, चटया टाकून. विषय एकच — फत्तेसिंग कसा वाचला.

मधुकरराव म्हणाले, भट्टीत पडला तो पुतळा होता. नाना म्हणाले, पुतळ्याला घाम येत नाही. मालतीबाई म्हणाल्या, देवाने झेललं. नाना म्हणाले, देवाचं नाव टायटलमध्ये नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय तीन सप्टेंबर आणि हे तासभर असंच! मला रडू यायला लागलं. कठड्याकडे तोंड करून उभी राहिले.

मांडवाचं माप घ्यायला जुहूगावचे नामदेव आले होते. ते टेप गुंडाळत सहज म्हणाले, “येवरा कसला इचार करताव? लाइट गेलती. भट्टी थंड व्हती.”

खरंच की! आमच्याकडे आठवड्यातून तीनदा जाते, तिकडे का जाऊ नये?

मग ह्यांनी हरकत घेतली. नामदेव सभासद नाहीत, त्यांना सूचना मांडता येत नाही. शेवटी मालतीबाई सूचक झाल्या, मधुकरराव अनुमोदक. ठराव क्रमांक चौदा — वीज गेल्याने भट्टी थंड होती, सबब फत्तेसिंग वाचला. सर्वानुमते मंजूर.

नानांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “शिक्का मारून नक्कल द्या. दवाखान्यात बरोबर नेईन.”

मी नामदेवांना दोन वेळा चहा दिला.

२९ ऑगस्ट

चौथा भाग लावला. मांडव खच्चून भरला. फत्तेसिंग घोड्यावरून आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्याने तोंड उघडलं आणि लाइट गेली. आलीच नाही. नामदेव अंधारात म्हणाले, “बगा, मी सांगलं व्हतं.”

नाना हसले. हसताना पोट धरलं, पण हसले.

२ सप्टेंबर

नानांना ॲडमिट केलं. ऑपरेशन उद्या अकराला. नर्सने सदरा बदलायला दिला तर खिशातली नक्कल आधी काढून हातात धरली. मला म्हणाले, “सुचित्रा, सभेत चांगलं ठरलं हो.” त्यांचा हात गार लागला.

३ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

हे दवाखान्यात. मी ह्यांचा डबा घेऊन निघणार होते. म्हटलं, आल्यावर नानांना स्वच्छ अंथरूण मिळावं, म्हणून गादी उचलली. खाली कॅसेट. ‘बिजली का मुक्का’, भाग तीन. वर नंदकिशोरचं लेबल. म्हणजे मी शाळेत असताना दुपारी नानांनी ही आमच्याच व्हीसीआरवर बघितली.

डबा बाजूला ठेवला. लावून बघते.

सव्वादहा

फत्तेसिंग वाचत नाही. पहिल्याच रिळात मरतो, त्याची चिता दाखवलीय. घोड्यावरचा त्याचा जुळा भाऊ आहे. नानांना हे जुलैपासून माहीत होतं, तरी ते आमचा ठराव हातात धरून गेले. कॅसेट रिवाइंड करून होती तिथेच ठेवली. ती नानांनी घरी येऊन स्वतः परत करायची आहे. निघते.