न कापलेली फीत

सोलापूर,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार शंकरप्पा ईरप्पा म्हमाणे, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, धंदा फीत विणणे व विकणे (सध्या निवृत्त), राहणार सोलापूर, पूर्ण शुद्धीवर पुढील मजकूर लिहितो.

चि. अक्षता हिस अनेक आशीर्वाद.

दुधनीस तू श्रवण तपासणी केंद्र उघडत आहेस व त्याचे उद्घाटन माझ्या हस्ते फीत कापून व्हावे, अशी तुझी इच्छा असल्याचे समजले. आनंद झाला. माझी नात स्वतःच्या नावाची पाटी लावीत आहे, हे शेजारच्या सोमेशला मी दोनदा ऐकवले.

तथापि फीत मी कापणार नाही. ज्याने आयुष्यभर मागावरून अखंड फीत उतरवली, त्याने चारचौघांत तिच्यावर कात्री चालवावी, हे मला शोभणार नाही. शिवाय नमुन्यादाखल तू पाठवलेली फीत सॅटिनची आहे. सॅटिन चमकते व निसटते. आपली फीत ग्रोग्रेन. तिचा ताणा, म्हणजे उभे धागे, बारीक व दाट; बाणा, म्हणजे आडवे धागे, जाड. त्यामुळे अंगावर आडव्या रेघा उठतात आणि गाठ त्या रेघांना धरून बसते. हॅटभोवती, पदकांच्या मागे, सत्काराच्या बिल्ल्यांखाली हीच फीत असे. येथील शाळकरी मुलींच्या वेण्यांतही हीच. मुली दिवसभर हुंदडल्या तरी ती सुटत नसे.

दुसरा मुद्दा, माझ्या कानांस यंत्र लावण्याचा. माझे कान उत्तम आहेत. फोनवरची माणसे हल्ली तोंडात सुपारी धरून बोलतात, म्हणून मी पत्र पसंत करतो. मठातील प्रवचनास जाणे मी सोडले, कारण नवे स्वामी पुटपुटतात.

तुझी अज्जी खुशाल आहे. लोभ आहेच, त्यात भर पडावी.

तुझा आजोबा,
शंकरप्पा

———

दुधनी,
९ नोव्हेंबर २०२४

ती. अज्जांस अक्षताचे शरणु शरणार्थी, वि. वि.

पत्र पोचलं. कोर्टात जबानी द्यावी तसं नातीला पत्र लिहिणारे जगात तुम्ही एकटेच असाल. कात्री रद्द. सॅटिनही रद्द. दाराला तुमचीच फीत बांधू आणि तुम्ही गाठ सोडा.

तुमच्या फितीबद्दल मीही थोडं वाचलं. नाव फ्रेंच आहे, अर्थ जाड दाण्याची. याच नावावरून आलेलं एक जाडंभरडं कापड पूर्वी युरोपात असायचं. त्याचा कोट घालणाऱ्या एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याला त्यावरूनच ‘ग्रॉग’ असं टोपणनाव पडलं, आणि तो खलाशांना पाणी घालून रम द्यायचा म्हणून त्या रमलाही ‘ग्रॉग’ म्हणू लागले. आपल्या घरात कुणी थेंबाला शिवलं नाही, पण घर चाललं ते दारूच्या भावकीवर! बाबांना फोनवर सांगितलं, ते अजून हसतायत.

आता कामाचं. लहान मुलं कानातलं यंत्र ओढून फेकतात. म्हणून यंत्राला दोरी बांधून ती चिमट्यानं कॉलरला अडकवतात. इथं मिळणारी दोरी सारखी निसटते. मला तुमची अरुंद ग्रोग्रेन हवी आहे. पण माझा पहिला पेशंट सिद्धू, वय चार, त्याचे वडील मायाप्पा काही ऐकेनात. ते म्हणतात, फीतच ती, सुटणार की. आणि यंत्र विहिरीत गेलं तर भरून कोण देणार.

अज्जा, दुकानात एखाद्या आईनं शंका काढली की तुम्ही काय करायचात, ते मला आठवतं. फीत आधी स्वतःच्या मनगटाला बांधायचात, हात झटकायचात, आणि मगच तिला द्यायचात. आधी आपल्या अंगावर, मग गिऱ्हाइकाला. मायाप्पांना मी शब्द दिलाय की माझे अज्जा तसंच करून दाखवतील. फक्त या वेळी मनगटावर भागणार नाही.

मागच्या महिन्यात टेम्पोचा हॉर्न तुम्हाला ऐकू आला नाही, हे अज्जीनं सांगितल्यापासून माझं कशात मन लागत नाही. रागावू नका. आणि रागावलात तरी या.

तुमच्या लोभाची हक्कदार,
अक्षता

———

सोलापूर,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षता हिस आशीर्वाद.

दारूसंबंधीच्या मजकुराचा मी लेखी निषेध करतो. आपली फीत सोलापूरची आहे. विलायतेत तिच्या नातेवाइकांनी काय केले, यास ती जबाबदार नाही.

टेम्पो प्रकरणी तुझ्या अज्जीचा जबाब अतिरंजित आहे. टेम्पो चुकीच्या बाजूने आला.

तुझा डाव मी पूर्णपणे ओळखला आहे, हे नोंदवून ठेव. परंतु माझ्या मालाविषयी कोणी शंका घ्यावी आणि मी घरी बसून राहावे, असे घडलेले नाही व घडणार नाही. ज्या काळ्या फितीवर माझा चष्मा गळ्यात लटकतो, तिचीच शेवटची गुंडाळी पेटीतून काढली आहे. दारासाठी रुंद लाल फीत वेगळी. दोन्ही घेऊन अज्जीसह येतो. यंत्र मी केवळ फितीच्या परीक्षेपुरते लावीन.

मायाप्पांना सांग, समोर उभे राहून पाहावे.

तुझा आजोबा,
शंकरप्पा

———

सोलापूर,
दि. २६ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षता हिस अनेक आशीर्वाद.

लिहून देतो की, परवा दुधनी येथे मी लाल फितीची गाठ सोडली. फीत अखंड आहे. घडी करून तुझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे, ती तेथेच राहू द्यावी.

त्यानंतर तू माझ्या कानांत यंत्रे बसवून काळी फीत बांधलीस व मी सर्वांदेखत मान गदागदा हलवली. गाठ तसूभर सरकली नाही. मायाप्पांनी जवळ येऊन ओढून पाहिली. चि. सिद्धू खदखदून हसला आणि आपल्यालाही बांधा म्हणून त्याने कान पुढे केला. ते हसणे मला स्पष्ट ऐकू आले. फितीची परीक्षा तेथे संपली होती. यंत्रे परत देण्याचे माझ्याकडून राहिले, असे तू समजावेस.

परतीच्या एसटीत एक गोष्ट उघडकीस आली. वारा लागतो म्हणून मी तुझ्या अज्जीस खिडकी लावण्यास सांगितले. तिने लावली, आणि मागाहून कन्नडमध्ये म्हणाली की हा मुदुका, म्हणजे म्हातारा, जन्मभर वाऱ्याशीच भांडत आला. पुढे सोलापूर येईपर्यंत माझ्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडून असे उत्तर आले. हे कधीपासून चालू आहे, अशी मी विचारणा केली. कारखान्यातील मागांच्या खडखडाटाने मला ऐकू येईनासे झाले तेव्हापासून, असे तिने शांतपणे सांगितले.

आजवर मी समजत होतो की माझे सर्व म्हणणे तिला पटते. इतक्या वर्षांची उत्तरे ऐकून घेणे बाकी आहे. सबब यंत्रे माझ्याजवळ राहतील. उद्यापासून मठातही जाईन. स्वामी पुटपुटत नाहीत, असे अज्जीचे म्हणणे आहे.

आता फोन केलास तरी चालेल. मात्र पत्र थांबवू नये. लोभ या गाठीसारखा टिकावा.

तुझा आजोबा,
शंकरप्पा ईरप्पा म्हमाणे

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. समक्ष हजर साक्षीदार: चि. महेश्वर शंकरप्पा म्हमाणे, मुलगा (तुझे बाबा), आणि सौ. महादेवी शंकरप्पा म्हमाणे, पत्नी. सही करताना पत्नी आणखी काही पुटपुटली. तो शब्द मी ऐकला आहे, परंतु नातीच्या पत्रात तो नमूद करता येत नाही.