दोनदा म्हणजे थांब

३ फेब्रुवारी, सेडूना

आज मी, व्हर्ना टकवेल, वय वर्षं चौसष्ट, घर घेतलं आणि त्याला सहा चाकं आहेत! वायलाच्या इस्पितळात सत्तावीस वर्षं दुसऱ्यांसाठी भोपळ्याचं सूप ढवळलं. आता मनात येईल तिथे गाडी उभी करायची आणि स्वतःपुरतं एक अंडं तळायचं. एकतीस वर्षांच्या संसारानंतर माझा नवरा लेस फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून निघून गेला, तेव्हा माझी बहीण म्हणाली होती, सुंठीवाचून खोकला गेला समज. खोकला गेला खरा, पण ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. राग शिळा झाला की जास्त चढतो.

गाडी जुनी आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम: पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे वेगळी खोली, मधे भिंत. पुढून मागे जायचं तर खाली उतरूनच. मागे पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, दोघांपुरतं टेबल. दाराची पायरी बटण दाबलं की बाहेर येते, तिच्याशी मी पाच मिनिटं खेळले. असलं काही पहिल्यांदाच घेत होते, म्हणून बहिणीने लिहून दिलेलं सगळं केलं. छताचे कोपरे दाबून ओल बघितली, गाद्या उचलून वास घेतला, खाली आडवी होऊन गंज बघितला. विकणारा रेक्स ट्रेम्बाथ हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, बाई, नवरा पसंत करताना तरी एवढं वाकून बघितलं होतंत का? मी म्हटलं, नाही ना, म्हणून तर फसले. दोघंही खूप हसलो.

रेक्स अठ्ठ्याहत्तरचा, ताठ, बोलघेवडा. बायको दोन वर्षांपूर्वी उन्हाने गेली म्हणाला, तेव्हापासून गाडीत पाय ठेववत नाही. मला वाईट वाटलं. बारा वर्षं दोघं हिंडली, पण डल्सीने एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. तिने लावला नाही की याने लावू दिला नाही, ते मी विचारलं नाही.

गाडीच्या पाठीवर निळ्या अक्षरांत रंगवलंय: घाई नाही. रेक्स आणि डल्सी. नावं खरवडून काढायला हवीत.

५ फेब्रुवारी, पेनाँगच्या पुढे

दिवसभर रस्ता. समोरून येणारा प्रत्येक घरगाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, मग आपणही उचलायचं. सकाळी लाजत उचलत होते, दुपारपर्यंत सराईत झाले. एकाने उचललं नाही तर त्याला चक्क शिवी दिली.

दुपारी मधल्या भिंतीवर मागून ठकठक झालं. दोनदा. कपाटाचं दार सुटलं असणार म्हणून थांबले. दार बंदच होतं, तरी दोरीने बांधलं. दहा मिनिटांनी पुन्हा ठकठक, दोनदाच, आणि अगदी अदबीने, कोणी मोरीचं दार वाजवावं तसं. थांबून मागे गेले तर पायरी आपोआप बाहेर आलेली.

वायरिंग बघून घ्यायला हवं. जुन्या गाडीला जुनी दुखणी असायचीच.

पलंगाच्या उशाशी, भिंतीवर, नाण्याएवढ्या जागेचं पॉलिश उडालंय. मी त्यावर बोटाचं पेर टेकवून बघितलं. बरोब्बर बसलं.

७ फेब्रुवारी, फाउलर्स बे

इथल्या घरगाड्यांच्या तळावर चार वाजता सगळे आपापली घडीची खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोल करून बसतात. मला ग्वेन स्टॉकडेल या बाईने ओढून नेलं. सत्तरीची, जाडजूड, आवाज बोंबल्या. तिने नवऱ्याची, अल्बीची, गोष्ट सांगितली. ती मागे झोपलीय असं समजून हा पेट्रोल पंपावरून निघाला, आणि ती तिथेच, झोपायच्या गाऊनमध्ये, हातात दात घासायचा ब्रश. साठ किलोमीटर गेल्यावर म्हणे याला शांतता जाणवली! अल्बी म्हणाला, जाणवली होती आधीच, पण म्हटलं एवढं सुख कशाला मोडा. असली गोष्ट तिथे प्रत्येक जोडप्याकडे होती. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

मग मी विचारलं, रेक्स आणि डल्सीलाही कोणी ओळखतं का, त्यांचीच गाडी मी घेतलीय. एकेक जण खुर्ची मिटून निघून गेला.

ग्वेनने मला नंतर सांगितलं. डल्सीचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती मागे पलंगावर पडून प्रवास करायची. कायद्यात बसत नाही, पण म्हातारी माणसं करतात. भिंत वाजवायची खूण ठरलेली होती. निघताना रेक्स ओरडायचा, आत? मागून एकदा ठोकलं की निघ. दोनदा म्हणजे थांब, मला उतरायचंय. दोन वर्षांपूर्वी अकरा फेब्रुवारीला हॅलोरनच्या टाकीपाशी ती उतरली. महामार्ग सोडून जुन्या कच्च्या रस्त्याने अडतीस किलोमीटर आत, एक पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी आहे. रेक्स तिथून निघून गेला. दोनशे किलोमीटरवर मागचं दार उघडलं तर पलंग रिकामा. चौकशीत त्याने सांगितलं, मी विचारलं होतं आणि एक ठोका ऐकला होता. म्हातारा माणूस, कानाने कमी. लोकांनी ऐकून घेतलं.

शेचाळीस डिग्री. टाकी कोरडी होती. ती चार किलोमीटर चालली. गुडघे गेलेली बाई. डोक्यावरची पिवळी टोपी तेवढी सापडली नाही, ग्वेनने स्वतः विणून दिलेली.

आणि त्याच्या आठवडाभर आधी, याच तळावर, डल्सी ग्वेनला म्हणाली होती की पुढच्या गावात बस पकडून मी लेकीकडे जाणार, या वेळी परत येणार नाही.

८ फेब्रुवारी, फाउलर्स बे

रात्रभर डोळा लागला नाही. भीतीने नाही, संतापाने.

सोडून जाणार होती म्हणून त्याने आधी सोडलं. लेसने निदान चिठ्ठी तरी ठेवली.

सकाळी पत्रा खरवडायची पट्टी घेऊन गाडीच्या मागे गेले. "रेक्स" काढलं, निळा कण राहू दिला नाही. "डल्सी" ठेवलं. मग गाडीत बसले आणि जरा चाचरतच ओरडले, आत?

एक ठोका.

मी पळाले नाही. किल्ली फिरवली आणि सेडूनाकडे परत निघाले. दिवसभरात चार वेळा दोन ठोके आले, चारही वेळा थांबले, उतरून दार उघडलं. पायरी बाहेर येते, थोड्या वेळाने आत जाते. घाई नाही. तिच्यासाठीही चहा केला. प्यालं कोणी नाही, पण कपाच्या कडेवर लाल धुळीचा ओठ उमटला.

मी तिला सांगितलं, बाई, त्याला आणते मी तुझ्याकडे.

९ फेब्रुवारी, सेडूना

बोलिंग क्लबात बुधवारी सगळं गाव असतं. रेक्स मधल्या टेबलावर मासा आणि बटाटे खात होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं की परवा डल्सीला दोन वर्षं होतील, तिथे साधा पांढरा क्रूससुद्धा नाही, मी रंगवून आणलाय, तुम्ही चला, तुमच्या हातानेच रोवा. तो म्हणाला, ऊन फार आहे, तब्येत बरी नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बायका गहिवरल्या. किती गुणाची हो ही बाई, ओळख ना पाळख. रेक्स, जायलाच हवं तू. गल्ल्यावरच्या माणसाने तर वर्गणीचा डबाच पुढे केला. म्हातारा चारी बाजूंनी कोंडला गेला. शेवटी म्हणाला, बरं.

इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

फक्त कबूल करून घ्यायचं. तिच्यासमोर. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी ११.४०, हॅलोरनची टाकी

चव्वेचाळीस डिग्री. वाटेत एकही गाडी दिसली नाही. फोन केव्हाच मुका झाला. रेक्स पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि सारखं मागच्या भिंतीकडे बघत होता. एकदाही ठोका आला नाही.

टाकी आजही कोरडीच आहे.

आता तो शेडमागे क्रूस रोवतोय. जमीन चुनखडीची, खणता खणली जात नाही. मी सावलीत बसून लिहितेय. हे संपवून विचारते.

११.५५

विचारलं. म्हटलं, इथे कोणी नाही, मी पोलीस नाही. ठोका ऐकला होता का?

आधी नेहमीचंच पढवलेलं बोलला. मग फावडं टेकवून दम खात बसला, आणि म्हणाला की नाही, नव्हता. मी विचारलंच नव्हतं. आरशात ती दिसली, शेडकडून येत होती, हात हलवत. मग जरा हसून म्हणाला, पण खरं सांगू का बाई, पहिले शंभर किलोमीटर काय शांत गेले!

हसला. माझ्याकडे बघून, मीही हसेन म्हणून.

१२.३५, जुन्या रस्त्यावर, दोन मिनिटं थांबून

मी गाडीत येऊन बसले. तो क्रूसपाशी पाठमोरा होता. सवयीने तोंडातून निघालं, आत?

एक ठोका.

निघाले. आरशात तो दिसला. पळत होता, हात हलवत.

त्याची पाण्याची बाटली शेजारच्या सीटवर आहे.

मला वाईट वाटत नाहीये. लिहून ठेवते: वाईट वाटत नाहीये. डल्सी, झालं तुझं काम.

१२.५०

मग ठोके. दोन. दोन. दोन. मी थांबले नाही. तिला ओरडून सांगितलं की झालं ना, आता काय. दोन. दोन. अदबीने नाही आता, सगळी भिंत हलत होती.

वीस किलोमीटरवर थांबले. मागे कोणी नाही. पलंगावर कूस वळल्यासारखा खळगा, चादर घामाने ओली.

मगभर पाणी घेऊन गाडीच्या सावलीत बसलेय, आत बसवत नाही.

१.०५

अठ्ठ्याहत्तरचा आहे तो.

त्याच्या जागी लेस असता तरी मी—हो, लेसलाही असंच सोडलं असतं. ती चिठ्ठी वाचली तेव्हापासून मला कोणाला तरी सोडायचंच होतं. डल्सीचं नाव पुढे केलं.

परत जाते. अजून जगेल. मान्य केलंय त्याने, पोलिसांसमोरही करेल, नाही केलं तरी—परत जाते. पाणी संपवून ल—

पायरी आत गेली. मी बटण दाबलं नाही.

१.१०

एक ठोका आला. एकच.

किल्ली आतच होती. इंजिन सुरू झालं, गाडी सावकाश वळली, टाकीच्या दिशेने गेली. मी मागे पळाले. पाठीवर निळं "घाई नाही" आणि खाली एकटं "डल्सी", धुळीत दिसेनासं होईपर्यंत.

सावली गेली. मगात घोटभर पाणी आहे. महामार्ग अठरा किलोमीटर.

१.५५

चालतेय. झाड नाही. डांबरी रस्त्यासारखं काहीतरी चमकतं आणि जवळ गेलं की नसतं.

आता कळलं. तिला त्याचा राग होता, पण तेवढाच नव्हता. जो सोडून जातो त्याचा—मग तो कोणीही

२.३०

पाणी संपलं

धूळ. टाकीकडून. गाडी येतेय माझी

देवा थांबेल

शेजारच्या सीटवर रेक्स. पट्टा बांधलेला. तोंड उघडं, जीभ काळी, मान गाडीबरोबर हलते

चालवतंय कोण—पिवळी टोपी

बोट उचललं तिने. स्टिअरिंगवरून, एक. आमच्यात उचलतात तसं. वेग कमी होत नाही

मी मगावर दगड मारला. दोनदा. जोरात. दोनदा म्हणजे थांब डल्सी, तुला माहीत आहे, दोनदा म्हणजे