बेंबी बसवली म्हणे!

१२ जानेवारी, सोमवार

बेंबी सरकली म्हणे! महिनाभर दादाचं पोट दुखतंय, जेवण निम्म्यावर आलंय, सदरा खांद्यावरून लोंबतोय – आणि नांदगावात निदान काय, तर बेंबी सरकली! काल गावच्या वैदूने, नत्थुजींनी, बेंबीवर दिवा ठेवून वरून तांब्या पालथा घातला. तांब्या चिकटला, म्हणजे बेंबी बसली. दादा फोनवर खूश. "नत्थुजीचा हात हाय तो, रागिणी! तुमा पेपरवाल्याईले काय समजते?"

मी त्या पेपरात आरोग्याचं पान लावते. 'बरं' म्हणून फोन ठेवला. पान वेळेत गेलं. डोकं अजून तापलेलंच.

१५ जानेवारी

रुख्मिणी वैनीचा फोन. "परवापासून काळं होऊन राहिलं त्याईले. डांबरावानी."

परवापासून! आणि सांगता आज?

"तेच म्हनत, पालक खाल्ली म्हून."

पोटात रक्त जात असलं की शौचाला असं काळं, चिकट होतं. थांबायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा – किती वेळा छापलं मी हे, चौकटीत. त्या चौकटीवर वैनीने मिरच्या वाळवल्या असतील.

दादाला फोन केला. म्हणतो, "उद्या गोबी तोडाची हाय. बाजार झाला की पाहू."

ओरडले. आख्खं ऑफिस वळून बघत होतं. बघू दे.

१६ जानेवारी

सकाळीच गाडी घेऊन नांदगावला. ओट्यावर नत्थुजी हजर. "बाई, अजून एक खेप तांब्या लावला असता..."

"नत्थुजी, तांब्या पाण्यासाठी ठेवा."

दादा उठताना भिंतीला धरून उठला. तरी गाडीत गोबीच्या भावाचीच बडबड! ओळखीचे पोटविकारतज्ज्ञ अकोल्यात, म्हणून तडक अकोला. लगेच दाखल. रक्त चढवलं. दुपारी पोटात दुर्बीण घालून तपासणी.

जठरात दोन जखमा. एक वाहती.

डॉक्टरांनी दादाला एवढंच विचारलं – "दुखण्यावर कुठली गोळी घेता?"

कमरेची, चौकातल्या मेडिकलवाल्याने दिलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. वर्षभर रोज, उपाशीपोटी, की शेतात वाकता यावं! त्या गोळीनेच जठर सोललं. तो मेडिकलवाला भेटू दे मला.

१७ जानेवारी

रक्त थांबलं. दादा कुरकुरतो – "नुस्तं वरन! याच्यानंच मरीन मी." हसू आलं, मग त्याचाही राग आला.

२१ जानेवारी

दादाला सुट्टी. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तो मागच्या सीटवर झोपलेला. वैनीने कप नुसताच धरलेला.

"रागिणीबाई, थे कमरेची गोळी माहीबी चालू हाय. तसंच काळं मलेबी होते. दिवाळीपासून. म्हटलं, पहिले याईचं निपटू द्या."

गाडी वळवली. पुन्हा अकोला.

दादा जागा झाला. "काऊन? काय इसरलो आपन तिथं?"