अमरावतीची गाठ

१२ फेब्रुवारी

सगळं बदललं ते काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. परीक्षकांची कॉलर माझ्या मुठीत होती.

प्रकल्प दोघांचा — माझा आणि स्वरालीचा. यंत्राचं नाव 'कमाल'. जुन्या खलाशांचं: तळहाताएवढी लाकडी फळी, मधोमध भोकातून दोरी, दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर. वरची कड ध्रुवताऱ्याला टेकली की आपण त्या गाठीच्या गावाइतके उत्तरेला. आम्ही अमरावतीची गाठ बांधली होती.

परीक्षक म्हणाले, "मी अमरावतीत आहे की अकोल्यात, हे सांगेल का तुमची फळी?"

मी म्हणालो, "सांगेल!"

स्वराली म्हणाली, "नाही सांगणार, सर."

सगळ्यांसमोर! परीक्षक हसले. पुढचं माझ्या हातानं केलं.

अमरावतीचं कॉलेज सोडलं. अकोल्यात मावशीकडे आलो. फळी सोबत.

१४ फेब्रुवारी

आजची तारीख लिहायलाच नको होती. स्वरालीचे सात फोन. एकही उचलला नाही. काही वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

मावशी: "कॉलेज काहून सोडलं रे?"

"मन नाही लागलं."

"भाकरीवर तं लागते ना? मंग जेव."

जेवलो.

१८ फेब्रुवारी

गच्चीवरून पाहिलं. चहूकडे पाण्याच्या टाक्या, क्षितिजच नाही! शिवाय उजेड असेतो तारा दिसत नाही आणि अंधार पडला की क्षितिज दिसत नाही. मधली दहा मिनिटं काय ती आपली.

खालून मावशी — "दोरी काय चावून राह्यला? लोक पाहून राह्यले ना!"

२१ फेब्रुवारी

सायकलनं गावाबाहेर गेलो. कापसाची पऱ्हाटी उपटलेलं सपाट रान. दिवस बुडाला, तारा निघाला, अमरावतीची गाठ दातांत धरली.

टेकला.

तीनदा पाहिलं. तीनदा टेकला. उभा अकोल्यात, आणि फळीच्या हिशोबानं अमरावतीत!

दोन्ही गावांत उत्तर-दक्षिण पाव अंशाचाही फरक नाही. हातातली फळी तर अंशभर सहज हलते. आणि पूर्वेला किती, पश्चिमेला किती, हे तिला कळतच नाही. म्हणून खलाशी आधी आपल्या बंदराच्या रेषेवर यायचे, मग तारा त्याच गाठीवर ठेवून किनारा लागेपर्यंत सरळ जायचे. प्रकल्पाच्या वहीत हे पान मीच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात!

ती खरं बोलली होती. बस.

२२ फेब्रुवारी

तिचा नंबर काढला. फोन ठेवून दिला. राग आहे असं लिहिणार होतो. राग नाही. काहीच नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी वर्गातल्या प्रीतमचा फोन. "बे, तुले काही मालूम आहे का? ते परीक्षक सर स्वरालीले म्हणे, त्याचं नाव खोड, तुले पास करतो. ती म्हणे, अर्धं काम त्याचं आहे, नाही खोडत. दोन आठवडे झाले, तेच म्हणून राह्यली. आज पाचपर्यंत तू येऊन माफी नाही मांगितली, तं तिचंबी वर्ष गेलं."

"मले सांगितलं काहून नाही तिनं?"

"फोन कोण नाही उचलत, बे?"

साडेअकराची एसटी आहे. मावशी बाजारात गेली, चिठ्ठी ठेवली. सरांना काय म्हणायचं माहीत नाही. तिला काय म्हणायचं ते तर त्याहून नाही.

निघतो. दार लावतो.