आईची केशरी बोटं

ईस्टर, रविवार संध्याकाळ, वणी

सकाळीच पुण्याहून दादाचा फोन आला. यंदाही लेकरांना घेऊन यायला जमत नाही म्हणे. मी चिडून आईला म्हटलं, "मग अंडे कायले रंगवून राह्यली तू? खाणार कोण?" तिनं ऐकलंच नाही. होळीपासून वाळवून ठेवलेली पळसाची फुलं पातेल्यात टाकली आणि त्यातच अंडी उकडली. अगदी आमच्या लहानपणासारखी. तेव्हा आम्ही भावंडं सगळ्यात गडद अंड्यासाठी भांडायचो.

चर्चहून आल्यावर तिनं गल्लीतल्या लेकरांना हाका मारून अंडी वाटली. बोटं केशरी, चेहरा खुश. "आपले लेकरं नाही आले त काय झालं? सण त आला ना!"

कुठून आणते ही एवढी उमेद?

सगळ्यात गडद अंडं तिनं माझ्यासाठी लपवून ठेवलं होतं. आता भांडायला कोणी नाही, तरीही.