तळहातावरचं कच्चं काम

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ एप्रिल १९७५

ती. आप्पांना,
विजयमालाचा शि. सा. नमस्कार.

पत्र आधी एकट्याने वाचा, आईला नंतर सांगा. काल बी.एस्सी.च्या गणिताचा तिसरा पेपर होता. शेवटचं उदाहरण उरलं आणि उत्तरपत्रिका भरली. पुरवणीसाठी दोनदा उभी राहिले, सुपरवायझरांचं लक्षच नव्हतं. वेळ जात होता, म्हणून कच्चं काम तळहातावर केलं. तुम्ही आडतीवर हातावरच आकडेमोड करता, तीच सवय. ते पुरवणी घेऊन आले, शाई दिसली आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. घरून लिहून आणलंस म्हणाले. हातावरचं सगळं अहवालात उतरवून घेतलं आणि पेपर काढून घेतला.

प्राचार्य म्हणतात, कॉपी कबूल करून माफी माग. मग हा एकच पेपर रद्द होईल, ऑक्टोबरात पुन्हा देता येईल. नाहीतर समिती बसेल, आणि दोष ठरला तर दोन वर्षं परीक्षा बंद. इथे घरी मथुरात्या म्हणते, लई ताणू नगंस. पण मी कॉपी केलेली नाही, आप्पा. काय करू ते लगेच कळवा.

माया आहेच, ती या बातमीने कमी होऊ देऊ नका.
तुमची विजयमाला

करमाळा
११ एप्रिल १९७५

चि. विजयमाला हीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू कॉपी केली नाहीस हे मला सांगायला नको. पण ही वेळ खरंखोटं करत बसायची नाही. दोन वर्षं घरी बसलीस तर आमचे थोरले भाऊ कोंडीबादादा तुला परत सोलापूर दिसू देतील का? कालच म्हणाले, पोरीला गणित कशाला पायजे हुतं. तुझं शिक्षण तिथंच संपेल.

म्हणून पालक या नात्याने मीच तुझी कबुली आणि माफी लिहून, सही करून प्राचार्यांना रजिस्टरने धाडली आहे. पहिलीपासून तुझ्या प्रत्येक अर्जावर माझीच सही असते, तशीच ही. आता गप पुढच्या पेपरचा अभ्यास कर. डोकं फार तापलं तर ताक पी. तुझ्या आईचं औषध आहे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
आप्पा

सोलापूर
१७ एप्रिल १९७५

ती. आप्पांना, नमस्कार.

ती कबुली माझी नाही, असं मी प्राचार्यांना सांगितलं. त्यामुळे काल समिती बसली. तिघेजण होते. मी अहवाल मागून घेतला आणि दाखवलं की हातावरचे आकडे त्याच उदाहरणातले आहेत. त्यात डेल्टा नावाची संख्या आधी कच्च्या कामात उलट्या बाजूने शोधावी लागते आणि ते उत्तरात लिहायचं नसतं. प्रश्नपत्रिका हाती पडण्याआधी हे घरी लिहिणार कसं? समितीतल्या गणिताच्या सरांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात अध्यक्षांनी तुमचा कागद पुढे केला आणि विचारलं, की मग तुझे वडील खोटं लिहितात का?

आप्पा, मी हो म्हणाले. परक्या माणसांपुढे. खाली बघूनच म्हणाले. त्यांनी सोमवारपर्यंत निर्णय राखून ठेवला आहे. तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही लिहिलंत, याचा मला फार राग आहे. आणि हो म्हणाल्यापासून रडू थांबत नाही.

माझ्यावरचा लोभ उरला असेल, तर दोन ओळी लिहा.
विजयमाला

करमाळा
२३ एप्रिल १९७५

चि. विजयमाला हीस आशीर्वाद.

सोमवारी मी सोलापुरात होतो. आत्याच्या घरी आलो नाही; तुला तोंड दाखवायला धजलो नाही. समितीपुढे जाऊन सांगितलं की मुलगी खरं बोलली, मीच भ्यालो आणि खोटं लिहिलं. अध्यक्ष फार बोलले. ऐकून घेतलं. माझा कागद त्यांनी रद्द केला, पण म्हणाले, आता मुलीचं म्हणणं लेखी हवं. प्राचार्यांनी सवयीने कोरा कागद माझ्याच पुढे सरकवला. मी तो परत केला.

तेव्हा पत्र मिळताच कॉलेजात जा. काय झालं ते तू लिही आणि खाली तुझीच सही कर. निर्णय त्यानंतर होईल. उलटा लागला तर दोन वर्षं आत्याकडेच राहून अभ्यास कर. दादांना तसं सांगून टाकलं आहे. ते माझ्याशी बोलत नाहीत, ते माझं मी बघेन.

हो म्हणालीस ते बरं केलंस. आजवर लोभ ठेव असं रिवाज म्हणून लिहीत आलो. आज मागतो आहे.
आप्पा